घर दोघांचं, जुडगा एकाच्या कमरेला : सिंगापूरच्या येल-एनयूएस कॉलेजचं प्रकरण

२७ ऑगस्ट २०२१, शुक्रवार. सिंगापूरच्या येल-एनयूएस कॉलेजात नवं वर्ष सुरू होऊन काही आठवडेच झाले होते. पहिल्या वर्षाची मुलं अजून एकमेकांची नावं लक्षात ठेवण्याच्या खटपटीत होती. त्या दिवशी त्यांना सांगण्यात आलं, की तुमची तुकडी या कॉलेजची शेवटची. पुढच्या वर्षीपासून प्रवेश बंद. जे आत आहेत त्यांना पदवीपर्यंत शिकवलं जाईल आणि २०२५ मध्ये कॉलेज मिटेल. निर्णय नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूरचा, म्हणजे एनयूएसचा. कॉलेजच्या नावात ज्याचं नाव आधी लागतं त्या अमेरिकेच्या येल विद्यापीठाला तो कळवण्यात आला होता, विचारण्यात आला नव्हता. कॉलेजच्या अध्यक्षांनाही तो काही आठवडेच आधी समजला होता.

पुण्यात मी बरीच वर्षं परदेशी विद्यापीठांशी होणाऱ्या करारांच्या फायली हाताळल्या आहेत. आमच्या कक्षाच्या भिंतीवर सामंजस्य करारांच्या फ्रेमा होत्या. दोन झेंडे, दोन सह्या, मधे हस्तांदोलनाचा फोटो. त्यातल्या कित्येक करारांखाली पाच वर्षांत एकही विद्यार्थी इकडून गेला नाही की तिकडून आला नाही. मुदत संपली की नूतनीकरण व्हायचं, नवा फोटो निघायचा. अशा कागदांची सवय झालेल्या माणसाला येल-एनयूएस वेगळं वाटायचं. इथे खरोखर इमारती उभ्या राहिल्या, मुलं आली, अभ्यासक्रम नव्याने लिहिला गेला. आंतरराष्ट्रीयीकरण म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर मी याच कॉलेजकडे बोट दाखवत असे. म्हणूनच ते का मिटलं हे नीट पाहायला हवं.

सुरुवात थोडी मागून करतो. येल १७०१ मध्ये स्थापन झालं, पण हे नाव त्याला १७१८ मध्ये मिळालं, आणि ते आलं मद्रासच्या वाटेने. एलिहू येल हा ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस. १६८७ ते १६९२ या काळात तो मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जचा मुख्य होता आणि तिथल्या व्यापारात त्याने मोठी माया जमवली. इंग्लंडला परतल्यावर त्याने अमेरिकेतल्या या लहानशा कॉलेजला ४१७ पुस्तकं, राजाचं एक चित्र आणि मालाचे ९ गठ्ठे पाठवले. मालात कॅलिको होतं, मलमल होती. तो विकून ५६२ पौंड आले आणि कॉलेजने त्याचं नाव लावलं. विद्यापीठांचा पैसा, नाव आणि पुस्तकं समुद्र ओलांडून जाण्याची गोष्ट आपण समजतो त्याहून जुनी आहे, आणि तिच्यात आपल्या किनाऱ्याचाही हिस्सा आहे.

दोघांना काय हवं होतं

सिंगापूरने २००२ मध्ये ‘ग्लोबल स्कूलहाउस’ नावाची योजना हाती घेतली. नावाजलेली परदेशी विद्यापीठं बोलवायची, शिक्षणाचं केंद्र व्हायचं आणि २०१५ पर्यंत दीड लाख परदेशी विद्यार्थी आणायचे, असा बेत होता. पहिले अनुभव कडू निघाले. २००५ मध्ये ब्रिटनच्या वॉरिक विद्यापीठाने शाखा काढायला नकार दिला. विचारस्वातंत्र्याची खात्री वाटत नाही हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाने २००७ मध्ये शाखा उघडली आणि पुरेसे विद्यार्थी मिळेनात म्हणून एका सत्रात गुंडाळली. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या टिश कला विद्यालयाची शाखाही पैशाच्या अडचणीत आली आणि पुढे बंद पडली.

यातून सिंगापूर काय शिकलं असेल, याबद्दल माझा एक अंदाज आहे. पाहुण्याला स्वतःचं घर बांधू दिलं तर तो तोट्यात गेल्यावर उठून जातो. तेव्हा घर आपण बांधायचं, जमीन आपली, पैसा आपला, आणि पाहुण्याला मानाने आत घ्यायचं. शिवाय हुशार सिंगापुरी मुलं पदवीसाठी अमेरिकेला आणि इंग्लंडला जात होती. त्यांना घरीच लिबरल आर्ट्सचं, म्हणजे अनेक विषय जोडून शिकण्याचं, शिक्षण मिळावं, हाही हेतू होता.

येलची बाजू साधी होती. तेव्हाचे अध्यक्ष रिचर्ड लेविन यांना येलला आशियात पाऊल रोवायचं होतं, आणि तेही स्वतःचा पैसा न घालता. एप्रिल २०११ मध्ये करार झाला. खर्च सगळा सिंगापूरचा. पदवी येलची नव्हे, एनयूएसची. येलने द्यायचं ते नाव, अनुभव, अभ्यासक्रम रचायला आणि अध्यापक निवडायला मदत, आणि नियामक मंडळावर आपली माणसं. आणखी एक तरतूद होती, जिच्याकडे त्या वेळी फारसं कुणी लक्ष दिलं नाही. २०२५ मध्ये दोघांपैकी कुणालाही या भागीदारीतून बाहेर पडता येईल, असं त्यात लिहिलेलं होतं.

करार करण्याआधी येलने आपल्या अध्यापकांचं मत मतदानाने घेतलं नव्हतं. पदवी आपली नाही, मग ठराव कशाला, असा तो हिशोब. अध्यापकांना हे लागलं. ५ एप्रिल २०१२ रोजी येलच्या गावी, न्यू हेवनमध्ये, त्यांची बैठक झाली आणि सिंगापुरात नागरी व राजकीय हक्कांचा आदर राखला जात नाही याबद्दल चिंता व्यक्त करणारा ठराव १०० विरुद्ध ६९ मतांनी संमत झाला. लेविन यांना ठरावाची भाषा पटली नाही. काही महिन्यांनी कॉलेजचे पहिले अध्यक्ष पेरिक्लिस लुईस यांनी स्पष्ट केलं, की वर्गात आणि आवारात मुलांना हवं ते बोलता येईल, पण राजकीय पक्षांच्या शाखा काढता येणार नाहीत आणि निदर्शनं करता येणार नाहीत. त्यावर मानवी हक्क संघटनांनी टीका केली.

या ठिकाणी मी अध्यापकांच्या बाजूने आहे. त्यांचा सिंगापूरबद्दलचा निवाडा पूर्ण बरोबर होता की नाही, हा वेगळा वाद आहे. ज्यांच्या नावाची पुण्याई दुसऱ्या देशात नेली जाते त्यांना आधी विचारलं पाहिजे, एवढीच माझी बाजू आहे. पुढे जे झालं त्याचं बी इथे दिसतं. करार वरच्या दोन खोल्यांत झाला, आणि मोडलाही वरच्या एका खोलीतच.

वर्गात काय घडलं

ऑगस्ट २०१३ मध्ये पहिली तुकडी बसली. १५७ विद्यार्थी, आणि त्यासाठी ११ हजारांहून जास्त अर्ज. पुढे दरवर्षी अडीचशेच्या आसपास मुलं घ्यायची आणि एकूण संख्या हजारावर न्यायची, असं ठरलं होतं. साधारण साठ टक्के मुलं सिंगापूरची, बाकीची जगभरातली. सगळ्यांनी आवारातच राहायचं. वसतिगृहांचे तीन विभाग होते, सागा, एल्म आणि चंदाना, तिन्ही झाडांची नावं. सागा आणि चंदाना तिकडची, एल्म अमेरिकेतलं. चंदाना म्हणजे आपलं चंदनच.

मला या कॉलेजातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते इथलं सामायिक अभ्यासक्रमाचं काम. पुढे भौतिकशास्त्र करणारा असो की अर्थशास्त्र, पहिल्या वर्षी प्रत्येकाने साहित्य, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, विज्ञान आणि संख्यात्मक विचार यांचे तेच तास करायचे. साहित्याच्या तासाला वाल्मीकीचं रामायण आणि होमरचं ओडिसी ही दोन्ही महाकाव्यं वाचली जात. तत्त्वज्ञानात चिनी, भारतीय, ग्रीक आणि इस्लामी परंपरेतले विचारवंत एकाच सत्रात येत. चर्चेच्या वर्गात १८ पेक्षा जास्त मुलं नसत.

याचा अर्थ नीट समजून घ्या. रामायण आपल्याकडे आजीच्या मांडीवर येतं, गीतरामायणातून येतं, गावच्या रामनवमीला येतं. ते आपलं असतं, आणि आपलं असल्यामुळेच बहुतेक वेळा आपण ते वाचत नाही, मानतो. आता एका टेबलाभोवती एक सिंगापुरी तमिळ मुलगी, एक चिनी मुलगा, एक अमेरिकन आणि एक मुंबईचा असे बसले आहेत. समोर दोन राजे आहेत. एक वनवासात निघालेला, दुसरा वीस वर्षं घराबाहेर. दोघांच्या बायकांवर परपुरुषांची नजर. पेनेलोपी परीक्षा घेते, सीतेला परीक्षा द्यावी लागते. हा फरक टेबलावर आला की मुंबईच्या मुलाला घरी जे कधी सुचलं नव्हतं ते विचारावं लागतं, आणि अमेरिकन मुलाला आपलं ओडिसी हेच सगळ्या गोष्टींचं मूळ आहे ही समजूत सोडावी लागते. कुणाचीही परंपरा इथे ‘इतर’ या सदरात बसत नाही.

यासाठी अध्यापकांनाही कष्ट पडले. ग्रीक साहित्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला रामायण शिकवायचं आणि चिनी तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला ग्रीक विचारवंत, तर त्याला सहकाऱ्याकडून शिकूनच वर्गात उभं राहावं लागतं.

याच्या शेजारी आपलं चित्र ठेवतो. पुण्यात इराण, अफगाणिस्तान, येमेन, सुदान, केनिया अशा कितीतरी देशांतून विद्यार्थी येत आले आहेत. भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर येतात, स्वतःच्या पैशाने येतात. आल्यावर परदेशी नागरिक नोंदणीच्या रांगा, भाड्याच्या खोलीसाठी घरमालकांचे नकार, आणि वर्गात तेच झेरॉक्स नोट्स. एक सुदानी मुलगा तीन वर्षं शेवटच्या बाकावर बसून बी.कॉम. करून गेला आणि त्याच्या देशाबद्दल वर्गात एकही वाक्य निघालं नाही, असं मी पाहिलं आहे. आकडेवारीत तो ‘आंतरराष्ट्रीय विद्यार्थी’ होता. सिंगापुरात पैसा होता म्हणून त्यांना जमलं, हे अर्धंच खरं आहे. टेबलाभोवती १८ मुलं बसवायला पैसा लागतो. पण रामायणाशेजारी ओडिसी ठेवायला, किंवा सुदानी मुलाला ‘तुमच्याकडे हा कर कसा आकारतात?’ असं विचारायला फक्त इच्छा लागते.

दोन चिरा

पहिली चीर सप्टेंबर २०१९ मध्ये दिसली. सत्राच्या मध्यावर मुलांना वर्गाबाहेर नेऊन शिकवण्याचा एक आठवडा असे. त्यात सिंगापूरमधल्या संवाद आणि असहमतीवर एक उपक्रम ठरला होता. नाटककार अल्फियान साआत तो घेणार होते. सुरू व्हायला दोन आठवडे असताना कॉलेजने तो रद्द केला. अभ्यासाच्या दृष्टीने तो कच्चा आहे आणि मुलं कायद्याच्या अडचणीत येऊ शकतात, असं कारण दिलं गेलं. येलने चौकशी लुईस यांच्याकडेच सोपवली. ते तोवर येलला परतले होते. निर्णय कॉलेजचा स्वतःचा होता, सरकारचा हस्तक्षेप नव्हता, असा निष्कर्ष निघाला. पुढच्या महिन्यात शिक्षणमंत्री ओंग ये कुंग यांनी संसदेत रद्द करण्याच्या निर्णयाची पाठराखण केली.

अहवाल मी खरा मानतो. तरीही एवढं झाल्यावर पुढचा उपक्रम आखताना अध्यापकाचा हात आपोआप आखडतो. मग त्याला वरून कुणी काही सांगावं लागत नाही.

दुसरी चीर पैशाची, आणि ती जास्त खोल होती. एवढे छोटे वर्ग, एवढे अध्यापक, सगळ्यांना वसतिगृह. शिक्षणमंत्री चान चुन सिंग यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये संसदेत सांगितलं, की एनयूएसमध्ये कला किंवा विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यावर जेवढा खर्च होतो त्याच्या दुपटीहून जास्त खर्च येल-एनयूएसच्या विद्यार्थ्यावर होतो. देणग्यांतून ३० कोटी सिंगापूर डॉलरहून जास्त जमवून, सरकारची भर आणि व्याज धरून, २०३० पर्यंत सुमारे १०० कोटींचा कायम निधी उभा करायचा होता. तो आकडा गाठता येईल असं दिसत नव्हतं. यात कॉलेजचा दोष नाही, असंही ते म्हणाले.

एनयूएसची बाजू इथे हलकी लेखू नये. हजार मुलांच्या कॉलेजला एवढा सार्वजनिक पैसा का, असा प्रश्न सिंगापूरचा करदाता विचारतच होता. एनयूएसमध्ये हजारो मुलं होती, आणि अनेक विषय जोडून शिकण्याची हीच पद्धत त्यांनाही मिळावी, असं विद्यापीठ म्हणत होतं. येल-एनयूएस आणि विद्यापीठाचा जुना युनिव्हर्सिटी स्कॉलर्स प्रोग्राम एकत्र करून २०२२ मध्ये एनयूएस कॉलेज उघडलं. तिथे दरवर्षी ४०० मुलं. येलकडून जे शिकायचं ते शिकून झालं, आता आपलं आपण करू, असा या निर्णयाचा सूर होता. एखाद्या देशाने असं म्हणणं यात वावगं काही नाही. शिष्याने कधीतरी स्वतःची पाठशाळा काढायचीच असते.

मला सलते ती पद्धत. मुलांना, पालकांना, अध्यापकांना विश्वासात न घेता हे ठरलं. ‘वरून लादणं बंद करा’ अशी मागणी करणाऱ्या ऑनलाइन अर्जावर दहा हजारांहून जास्त सह्या झाल्या. येलचे तेव्हाचे अध्यक्ष पीटर सॅलोवी म्हणाले, हे कॉलेज पुढे न्यायला आम्हाला आनंदच झाला असता. सॅलोवी हे कॉलेजच्या कल्पनेपासून तिच्यात होते. २०१० चा पहिला मसुदा त्यांनी लेविन यांच्यासोबत लिहिला होता. पण पैसा सिंगापूरचा, पदवी सिंगापूरची, जमीन सिंगापूरची. २०२५ चं कलम हातात घेऊन एक भागीदार उठला, तेव्हा दुसऱ्याकडे खेद व्यक्त करण्यापलीकडे काही उरलं नव्हतं. दाराच्या पाटीवर दोघांची नावं होती, जुडगा पहिल्या दिवसापासून एकाच कमरेला होता. येलला हे माहीत होतं. अठरा वर्षांच्या मुलीला माहीत नव्हतं. ती पाटी वाचून आली होती.

शेवटची तुकडी मे २०२५ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडली. त्याच महिन्यात कॉलेजच्या ग्रंथालयातली पुस्तकं रद्दीसाठी ट्रकमध्ये चढवली जात असल्याचे व्हिडिओ मुलांनी काढले. सुमारे ५०० पुस्तकं गेली. ग्रंथालयातली बहुतेक पुस्तकं विद्यापीठाच्या इतर ग्रंथालयांत सामावून घेतली होती. ही उरलेली पुस्तकं मुलांना किंवा अध्यापकांना विचारूनच हलवायला हवी होती. एनयूएसने माफी मागितली. आपल्याकडे पुस्तकाला पाय लागला तर आपण हात लावून नमस्कार करतो. तो व्हिडिओ मी शेवटपर्यंत पाहू शकलो नाही. एलिहू येलची ४१७ पुस्तकं एका खंडातून दुसऱ्या खंडात गेली, तेव्हा ती ज्यांच्यासाठी होती त्यांच्या हातात पोहोचली होती.

आता नवी मुंबई

हे प्रकरण आपल्या दाराशी आलेलं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये परदेशी विद्यापीठांच्या भारतातल्या शाखांसाठी नियम केले. जून २०२५ मध्ये मुंबईत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि केंद्रीय शिक्षणमंत्री धर्मेंद्र प्रधान यांच्या उपस्थितीत पाच परदेशी संस्थांना इरादापत्रं मिळाली: एबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची इस्टिट्युटो युरोपेओ दि डिझाइन.

इथली रचना सिंगापूरच्या उलट आहे. पदवी परदेशी विद्यापीठाचीच आणि कारभारही त्याचाच. म्हणजे जुडगा पाहुण्याकडे. न्यू साउथ वेल्सची शाखा अशीच होती. आपल्या नियमांत एक चांगली गोष्ट आहे: आयोगाच्या परवानगीशिवाय अभ्यासक्रम किंवा शाखा बंद करता येणार नाही, आणि तशी वेळ आली तर विद्यार्थ्यांची पर्यायी सोय मूळ विद्यापीठाने करायची. पण सिंगापुरातही आत असलेल्या मुलांना पदवीपर्यंत शिकवलं गेलं. आपला नियम तिथे लावला असता तर तोही पाळला गेला असता. शेवटची तीन वर्षं आवार दरवर्षी रिकामं होत गेलं, खालच्या वर्गात कुणी येईना, हे कुठल्या कलमात बसवायचं?

आणि शिकवणार काय? नवी मुंबईत होऊ घातलेल्या परदेशी शाखेत मूळ विद्यापीठाचाच अभ्यासक्रम जसाच्या तसा येणार असेल, तर मुलीचं विमानाचं भाडं वाचेल. कोकणचा किनारा, मुंबईच्या गिरण्या, आगरी-कोळ्यांच्या गेलेल्या जमिनी यांतलं काही त्या वर्गात येणार आहे का? ज्या गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली, तिथलं एखादं मूल त्या वर्गात असेल का? हे प्रश्न करार होतानाच विचारायचे असतात.

मध्यंतरी ठाण्याचे एक पालक भेटायला आले होते. मुलगी बारावीला.

“सर, तिला तिकडे पाठवू, की इथे येतंय तिथेच घालू? खर्चात खूप फरक पडेल.”

“काका, पदवीवर कुणाचं नाव असेल ते विचारलंत?”

“विचारलं. तिकडचंच म्हणाले.”

“आणि चार वर्षं शिकवायला कोण राहणार? तिकडचे प्राध्यापक, की इथून नेमलेले?”

ते माहितीपत्रक उलटसुलट करत राहिले. त्यात इमारतीचं चित्र होतं, विमानतळापासूनचं अंतर होतं. मी त्यांना आयोगाच्या नियमांमधलं शाखा बंद करण्याबद्दलचं कलम दाखवलं. त्यांनी मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि मुलीला पाठवला. पाचच मिनिटांत तिचं उत्तर आलं. ते त्यांनी मला वाचून दाखवलं: “बाबा, त्यांना विचारा, पहिल्या तुकडीत किती मुलं घेणार, आणि आमच्या आधी कुणी शिकून गेलंय का.”